एकमेकांस टेकलेल्या वस्तू आणि रेट्याचा हिशेब

घरातील सामान हलविताना आपण कित्येकदा एका पेटीपुढे दुसरी पेटी टेकवून ठेवतो आणि मागच्या पेटीस हात देऊन दोन्ही एकदमच पुढे सरकवितो. हात लागतो तो मागच्या पेटीला; पुढची सरकते ती मागचीच्या रेट्याने. आता प्रश्न असा, की हाताने लावलेल्या जोरापैकी पुढच्या पेटीवर किती जोर पडतो? बहुतेकजण चटकन उत्तर देतात, 'सगळाच.' हे उत्तर बरोबर आहे की नाही, ते आज तपासून पाहू.

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. गतीचे जे तीन नियम त्यात सांगितले आहेत, त्यांपैकी दोनच आपणांस येथे पुरेत. दुसऱ्या नियमाचे आजचे रूप असे, की वस्तूवर पडणारे एकूण बल हे तिचे वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराएवढे असते. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. तिसरा नियम क्रिया-प्रतिक्रियेचा. बोटाने दगड दाबला तर दगडही बोटास तितकाच दाबतो, असा दाखला स्वतः न्यूटननेच दिलेला आहे.

समजा, मागची पेटी ६ किलोग्रॅमची आणि पुढची ४ किलोग्रॅमची आहे. फरशी अगदी गुळगुळीत आहे. आणि आपण २० न्यूटन बल लावीत आहो. शंभर ग्रॅमचे वजन तळहातावर ठेवले असता जो भार जाणवतो, तो सुमारे एक न्यूटन होय. प्रथम दोन्ही पेट्या मिळून एकच वस्तू आहे असे मानावे. वस्तुमान १० किलोग्रॅम, बल २० न्यूटन. म्हणून त्वरण २, म्हणजे दर सेकंदास वेग दोन मीटर प्रतिसेकंदाने वाढणार. मग पुढची पेटी मनाने वेगळी काढावी आणि तिला कोण कोण स्पर्श करीत आहे ते पाहावे. आपला हात तिला लागतच नाही. तिला पुढे रेटणारी केवळ मागची पेटी. ४ किलोग्रॅमला २ एवढे त्वरण द्यावयास ८ न्यूटन लागतात. तेव्हा दोन पेट्यांमधील स्पर्शबल २० नव्हे, ८ न्यूटन होय.

उत्तराचा पडताळा मागच्या पेटीवरून घेता येतो. तिला हात २० न्यूटनने पुढे रेटतो, आणि पुढची पेटी ८ न्यूटनने मागे रेटते. उरले १२, आणि ६ गुणिले २ म्हणजे १२च. जर सगळेच २० न्यूटन पुढे गेले असते, तर तितकीच प्रतिक्रिया मागच्या पेटीवर उलटून तिच्यावरील एकूण बल शून्य झाले असते. मग वेग मुळीच न घेणाऱ्या पेटीने पुढचीला रेटीत न्यावे कसे? क्रिया आणि प्रतिक्रिया समान असूनही एकमेकींना नाहीशा करीत नाहीत, याचे कारण त्या दोन निरनिराळ्या वस्तूंवर घडतात. हिशेब करताना एका वेळी एकच वस्तू डोळ्यांपुढे ठेवली, म्हणजे हा घोटाळा होत नाही.

आता पेट्यांची अदलाबदल करू. जड पेटी पुढे आणि हलकी मागे. त्वरण तेच राहील, परंतु स्पर्शबल होईल ६ गुणिले २, म्हणजे १२ न्यूटन. यावरून नियम असा निघतो, की सांध्याच्या पुढे जेवढे वस्तुमान असेल, त्याच्या प्रमाणात त्या सांध्यावर बल येते.

गोव्याकडील श्रोत्यांना याचे मोठे उदाहरण घरानजीकच आहे. कुळे ते कॅसलरॉक हा लोहमार्गाचा घाट दर ३७ फुटांस एक फूट चढतो. गाडी वर नेण्यासाठी तिच्या शेपटाकडे जी रेटणारी इंजिने जोडतात, त्यांना रेल्वेची माणसे 'बँकर' म्हणतात. पुढेही इंजिन असते. पण हिशेब सोपा व्हावा म्हणून दहा सारखे डबे केवळ मागून रेटले जात आहेत असे धरू. इंजिनाला लागून असलेल्या डब्यास दहाही डब्यांचा भार सोसावा लागतो. पुढच्या सांध्यावर नऊ दशांश, त्यापुढे आठ दशांश, असा तो उतरत जाऊन अगदी पुढच्या सांध्यावर एक दशांशच उरतो.

परंतु हा उतरता हिशेब पुढची वाट मोकळी असते तोवरचाच. आपल्या दोन पेट्यांपुढे भिंत आली म्हणजे काय होईल? त्वरण शून्य. मग मागच्या पेटीवरील एकूण बलही शून्य झाले पाहिजे. अर्थात पुढची पेटी तिला पूर्ण २० न्यूटनने मागे रेटणार, आणि भिंतीवरही तितकेच बल पडणार. वाट अडली, की रेटा वाटेत खर्च न होता शेवटपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो.

श्रोतेहो, पेट्यांच्या जागी माणसे आली, की याच हिशेबास भयंकर स्वरूप येते. पेटी स्वतः रेटीत नाही. माणूस पाय रोवून आपला जोर त्यात घालतो. एकामागे एक वीस माणसे उभी आहेत आणि प्रत्येकाने केवळ ५० न्यूटन, म्हणजे पाच किलोग्रॅम वजनाइतका, रेटा दिला असे समजा. कोणासही आपण विशेष ढकलले असे वाटणार नाही. पण त्यांच्यापुढे जो मनुष्य कठड्याशी अडकलेला आहे, त्याच्या छातीवर १००० न्यूटन, म्हणजे सुमारे शंभर किलोग्रॅमचा भार येतो. बरगड्या फुलू शकत नाहीत, श्वास कोंडतो, आणि माणूस उभ्याउभ्याच गुदमरतो. इंग्लंडात शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी प्रेक्षक पुढच्या कुंपणाशी असेच चेंगरले आणि त्यात ९७ जणांस प्राण गमवावे लागले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील जिन्यात चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले.

अशा प्रसंगी मागच्यास पुढचा दिसत नाही. त्याला जाणवतो तो केवळ आपल्या अंगावरचा थोडासा दाब. म्हणून जत्रेत, स्थानकावर वा देवळाच्या दारी गर्दी थबकली, तर सूचना प्रथम मागच्यांना द्यावयास हवी. रेटा मागून वाढत आलेला असतो. तो मागूनच सैल झाला पाहिजे. पुढची दारे उघडी ठेवणे हे व्यवस्थापकांचे कर्तव्य होय. गर्दीत सापडलेल्याने दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी. आणि आपण रांगेच्या शेवटी असलो, तर पुढच्याच्या पाठीवर हात टेकण्याऐवजी एक पाऊल मागे घ्यावे. आपले ते ५० न्यूटन कमी झाले, तर कठड्याशी अडकलेल्या त्या अनोळखी माणसाच्या छातीवरूनही तेवढेच कमी होतात.