रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून

सीआरपी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गटाच्या सीआरपी ताई येतात, रजिस्टर तपासायला आलेल्या. आज बोलायचंय ते रक्ताच्या रिपोर्टवर छापलेल्या सीआरपीबद्दल. कारण आमच्या गटाची एक चूक झाली, ती तुमची होऊ नये.

आमच्या गटातल्या एका मावशींचा मुलगा 23 वर्षांचा आहे. त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हा जन्माचा आजार. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला जनुक आला तरच होतो, तेव्हा एकट्या आईला बोल लावणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवावं. फुफ्फुसातला कफ डिंकासारखा चिकट होतो, अडकून बसतो आणि त्यात जंतू घर करतात. घाम जास्त खारट असतो. अशा बाळाचा पापा घेतला तर ओठाला मीठ लागतं. हा टीबी नाही, कुणाला लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात पोराचा खोकला वाढला. बेडका घट्ट, हिरवा झाला, जेवण तुटलं, वजन 2 किलोनं उतरलं. तालुक्याला रक्त तपासलं. सीआरपी आला 8. कागदावर छापलेलं, 10 च्या आत नॉर्मल. मावशींनी शहरातल्या दवाखान्यात जायला 5000 रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. आम्ही बैठकीत तो कागद हातोहात फिरवला आणि म्हणालो, मावशी, नॉर्मलच आहे की, पुढच्या महिन्यात बघू. प्रोसिडिंगमध्ये तसं लिहिलंसुद्धा.

दहा दिवसांनी पोरगं विहिरीवरून येताना वाटेतच बसलं. मग धावपळ. 14 दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिलं. नळीत जोरात फुंकायची तपासणी असते, त्यात त्याचा आकडा एरवी 70 टक्के यायचा, तो 55 वर आला होता. उपचारानंतर 64 झाला. 70 काही परत दिसला नाही. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींत असं दिसलंय, की आजारानं अशी उचल खाल्ली की साधारण चारांतल्या एकाचा श्वास उपचारानंतरही पहिल्यासारखा होत नाही.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं. अंगात कुठे दाह झाला की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. काही तासांत ते रक्तात वाढायला लागतं, साधारण दोन दिवसांत टोकाला जातं, आणि औषध लागू पडलं की झपाट्यानं उतरतं. म्हणून तपासणी कामाची. पण याचे जुने रिपोर्ट मावशींच्या ट्रंकेत होते, त्यांत बऱ्या दिवसांतला सीआरपी 2 होता. 2 चा 8 म्हणजे चौपट! लॅबची रेघ सगळ्यांसाठी एकच, पोराची रेघ वेगळी. शिवाय काहींचा आजार उसळला तरी सीआरपी वाढत नाही, आणि दाढ सुजली तरी वाढतो. कॅल्प्रोटेक्टिनसारख्या रक्तातल्या दुसऱ्या खुणांवरही अभ्यास चाललाय, पण एकट्या आकड्यावर निकाल लागेल अशी खूण अजून नाही. म्हणून डॉक्टर बेडका, वजन, दम, फुंक सगळं जोडून बघतात. आम्ही फक्त कागद बघितला. समोर बसलेल्या मावशी सांगत होत्या, पोरगं भाकरी खाईना, ते कुणी ऐकलं नाही.

दहा दिवस आधी नेलं असतं तर 70 झाला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. मावशी आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मावशींकडे एक वही आहे. पहिल्या पानावर लाल शाईनं बऱ्या दिवसांतला सीआरपी आणि फुंकीचा आकडा. पुढे दर आठवड्याला उपकेंद्रातल्या काट्यावरचं वजन, बेडक्याचा रंग, विहिरीपर्यंत दम लागला की नाही. गटानंही ठराव केला, दुखण्याच्या कर्जाला रिपोर्ट मागायचा नाही.

मागच्या महिन्यात वहीत वजन दीड किलो कमी दिसलं. मावशींचा फोन आला, "उद्या पहिल्या एसटीनं निघतोय." संध्याकाळी अध्यक्ष आणि सचिव सह्या करून पैसे त्यांच्या घरी देऊन आल्या.