बिले म्हणजे काय? दोराच्या एका वेढ्याची गोष्ट

मी तंजावरहून बोलते आहे. आजचा विषय एक छोटासा शब्द आहे, 'बिले'. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांच्या तोंडी तो सतत असतो. 'बिले कोण देतंय?', 'बिले रेडी?' असं विचारल्याशिवाय कोणी कातळाला हात लावत नाही. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चढणाऱ्याच्या कमरेला दोर असतो. त्या दोराची पुढची बाजू खाली उभा असलेला जोडीदार सांभाळतो. चढणारा वर जाईल तसा तो दोर सोडत जातो आणि पाय निसटला तर रोखून धरतो. हे सांभाळणं म्हणजे बिले देणं.

नव्या मुलांना मी विचारते, 'बिले म्हणजे नेमकं काय?' बहुतेक जण म्हणतात, 'दोर बांधणं.' हे उत्तर ऐकलं की मला काळजी वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठी आधी समुद्रावर जावं लागेल, कारण हा शब्द डोंगरावर उशिरा आला.

शिडाच्या मोठ्या जहाजावर दोरांचं जाळं असतं. वारा फिरला की शीड फिरवायचं, वादळ आलं की उतरवायचं. म्हणजे आत्ता घट्ट धरलेला दोर पुढच्या क्षणी मोकळा करावा लागतो. तिथे गाठ मारून चालत नाही. ओली, ताणलेली गाठ सुटत नाही, आणि सुटेपर्यंत शीड फाटतं. म्हणून जहाजाच्या काठाला लाकडी खुंट्यांची रांग असे. दोर त्या खुंटीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. वेढे एकमेकांवर दाबून बसतात आणि दोर धरून ठेवतात. सोडायची वेळ आली की वेढे उलगडायचे, आणि फारच घाई असेल तर खुंटीच उपसून काढायची. दोर क्षणात मोकळा. या क्रियेला इंग्रज खलाशी 'बिले' म्हणत.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ भोवती घालणं, झाकणं असा होता. त्याला जहाजावरचा अर्थ मिळाला तो बहुधा डच खलाशांच्या याच कुळातल्या शब्दावरून. आता डच म्हटलं की तंजावरकरांना नागपट्टणम आठवतं. १६५८ ते १७८१ अशी सव्वाशे वर्षं ते बंदर डचांकडे होतं. त्यातला बराच काळ तंजावरच्या गादीवर आपले भोसले राजे होते. शब्दाचं माहेर असं आपल्या दारात नांगर टाकून उभं होतं.

गंमत पुढे आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत 'बिले' करणं याचा आणखी एक अर्थ होता, शहराला सैन्याने घेरणं. डचांच्या शब्दालाही तो अर्थ होता. दोर खुंटीभोवती फिरवणं आणि सैन्य शहराभोवती बसवणं, दोन्हींना एकच शब्द. तुमच्या लक्षात आलंच असेल की मराठीतही नेमकं हेच आहे. आपण म्हणतो, 'खुंट्याला दोराचे दोन वेढे दे', आणि म्हणतो, 'किल्ल्याला वेढा पडला'. वेढा, वेढणं, वेष्टन, सगळं संस्कृत 'वेष्ट्' या एकाच धातूचं घराणं.

तंजावरने दोन्ही तऱ्हेचे वेढे पाहिले आहेत. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली इथे वेढा घालून बसला आणि त्याला तो उठवून परत जावं लागलं. १७७३ मध्ये अर्काटचा नवाब आणि इंग्रज आले, तेव्हा मात्र शहर पडलं आणि तुळजाराजे कैद झाले. वेढा 'उठवता' येतो, हा आपल्या भाषेतला प्रयोग लक्षात ठेवा. वेढा कायमचा नसतो. तो माणसं धरून बसलेली असतात म्हणून टिकतो.

आता वेढ्याची ताकद कुठून येते ते पाहू. मांडव्याला किंवा रेवसला लाँच धक्क्याला लागते तेव्हा खलाशी काय करतो? दोर खांबाभोवती दोन-तीनदा फिरवतो आणि मोकळं टोक हातात धरतो. एवढी मोठी लाँच एका माणसाला ऐकते. कारण घर्षण. या घर्षणाचं सूत्र ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जातं. समजा, दोर आणि खांब यांच्यातला घर्षण गुणांक ०.३ आहे. मग एका पूर्ण वेढ्याने हाताची ताकद सुमारे ६.६ पट होते. दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट, तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. म्हणजे हाताने १० किलोचा ओढा धरला, तर तीन वेढ्यांपलीकडे जवळजवळ २,८५० किलोचा ओढा थोपवता येतो. बिथरलेल्या बैलाशी ओढाताण न करता शेतकरी दावं झाडाला वेढतो, ते याच हिशेबाने.

पण हा गुणाकार आहे, हे विसरू नका. हाताची ताकद शून्य झाली, तर २८५ पट शून्य म्हणजेही शून्य.

डोंगरावर हा शब्द आला तेव्हा गिर्यारोहक कातळाच्या सुळ्याभोवती दोर घालत, आणि त्या सुळ्यालाच 'बिले' म्हणत. पुढे दोर स्वतःच्या कमरेभोवती घेऊ लागले. आता धातूचं छोटं साधन असतं, त्यात दोर वळसा घेऊन जातो. जहाजावरच्या खुंटीवर वेढे एकमेकांना दाबून बसतात, खलाशी निघून गेला तरी चालतं. इथे तसं नाही. साध्या साधनात दोर सतत सरकता ठेवावा लागतो, म्हणून तो आपोआप अडकत नाही. आपोआप अडकणारी साधनंही मिळतात, पण ती बनवणारेही सांगतात की हात सोडू नका.

तैलबैलाच्या भिंतीवर एकदा माझा जोडीदार निसटला होता. सत्तर किलोचा माणूस. माझ्या तळहाताला जाणवला तो भरलेल्या कळशीएवढा भार. बाकीचं सगळं त्या वळशाने पेललं. पण ती कळशी धरणारा हात तिथे असायलाच हवा होता.

म्हणून 'दोर बांधणं' या उत्तराची मला भीती वाटते. बांधलेल्या वस्तूकडे आपण लक्ष देत नाही. सायकलला कुलूप लावलं की आपण निघून जातो. बिले म्हणजे बांधणं असं ज्याच्या मनात बसलं, तो वर बघायचं सोडून गप्पा मारतो, मोबाइल काढतो, ब्रेकचा हात सैल करतो.

बांधण्याला या किनाऱ्यावर वेगळा शब्द आहे, 'कट्टु'. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. काथ्याच्या दोराने ओंडके आवळून केलेली ती कट्टुमरम. त्यावरूनच जगभरच्या इंग्रजीत 'कॅटमरान' आलं. ओंडके समुद्रात सुटता कामा नयेत, म्हणून तिथे आवळून बांधणंच योग्य. किनाऱ्यावर आल्यावर दोर सोडून ते वाळवता येतात. चढणाऱ्याच्या कमरेची गाठ अशी पक्की हवी. जोडीदाराच्या हातातला दोर मात्र वेढ्याचा.

'बिले' शब्द टाकून द्या, असं मी म्हणत नाही. तो आता आपलाच झाला आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा पुण्याला, कुणाला पहिल्यांदा दोर हातात द्याल तेव्हा मराठीत एवढं सांगा: 'हा वेढा आहे, गाठ नाही. तो तुझ्या हातामुळे टिकतो. वरचा माणूस सुखरूप होऊन सांगेपर्यंत हात सोडू नकोस.'