आधी कॉट, मग कॉलेज

(वसंत व्याख्यानमाला, सातारा. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘पदवी शिक्षणाचा खर्च’ असा छापलाय. मी फीवाढीवर तुटून पडावं, अशी संयोजकांची इच्छा दिसते. पहिल्या रांगेत दोन-तीन संस्थाचालक बसलेत, त्यांनी निर्धास्त असावं. (हशा) मी बराच काळ वसतिगृहाचा रेक्टर होतो. रेक्टरला पोराची फी दिसत नाही, त्याचं ताट दिसतं. त्यामुळे माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या गावाकडच्या पोराला पदवी महाग पडते ती फीमुळे नव्हे, कॉटमुळे आणि मेसमुळे.

हिशेब साधा आहे. अनुदानित कॉलेजात या पदव्यांची वर्षाची फी काही हजारांत बसते. आता तेच पोर खटाव-माणातून पुण्याला गेलं, असं धरा. एका खोलीत तिघं-चौघं, कॉट बेसिसवर. महिना 4,000 धरू. दोन वेळची मेस 3,000. चहा-नाश्ता, झेरॉक्स, मोबाइल, एसटी मिळून 1,500. झाले 8,500. दहा महिन्यांचे 85,000 आणि तीन वर्षांचे अडीच लाखांच्या वर. कॉटचं डिपॉझिट यात धरलेलं नाही. ते परत मिळतं, असं घरमालक सांगतात. (हशा) माझे आकडे कुणाला कमी वाटतील, कुणाला जास्त. तुमच्या गल्लीतला भाव घालून बघा. उत्तर फार हलणार नाही.

पूर्वी असं नव्हतं, असंही कुणी समजू नये. गोपाळ कृष्ण गोखले 1884 साली बी.ए. झाले. त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांना पगार होता पंधरा रुपये, त्यातले आठ ते दरमहा धाकट्याला पाठवायचे. निम्म्याहून जास्त पगार एका विद्यार्थ्यावर! बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते तेव्हा केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली. महिना, हे लक्षात घ्या. फी भरून मोकळं होण्याचा तो व्यवहार नव्हता. पोराला महिनाभर जगवायचं आहे, हे देणाऱ्याला कळत होतं. आणि ज्यांना असा भाऊ नव्हता, असा राजा नव्हता, ती मुलं माधुकरी मागत, वार लावून जेवत. त्यातही जात आडवी यायची. वार लावायला दार उघडावं लागतं, आणि ते सगळ्यांना उघडत नव्हतं.

म्हणून आपल्या थोर मंडळींनी काय केलं बघा. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतंच. शाहू महाराजांनी 1901 साली काढलं ते व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. मागोमाग इतर समाजांची बोर्डिंगं, 1908चं मिस क्लार्क बोर्डिंग त्यातलंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 साली वसतिगृह काढलं आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. कर्मवीरांबद्दल मी साताऱ्यात येऊन बोलणं म्हणजे आगाऊपणाच, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र दिलं, ती गोष्ट सोडून पुढे जातो. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह 1925 साली सोलापूरला निघालं. तिकडे अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालवलं. या सगळ्यांना एकच गोष्ट दिसली होती. वर्गाचं दार उघडं ठेवून भागत नाही, पोराची रात्रीची सोय लागते.

पुढे 1983 साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, आणि चर्चा फीकडे वळली. मग खासगी कॉलेजांच्या फी-प्रवेशावरून सर्वोच्च न्यायालयात उन्नीकृष्णन, टी. एम. ए. पै, इनामदार हे खटले. मग फी ठरवणारं प्राधिकरण. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, मी वेळ घालवत नाही.

(श्रोत्यांतून : “सर, इंजिनिअरिंगच्या फीचं बोला की!”)

बोलतो की. मी पळ काढतोय असं समजू नका. (हशा) तिथली फी लाखाच्या घरात जाते, कबूल. ती सोसत नाही, हेही कबूल. पण सरकारने 2024 साली निर्णय केला, की ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. चांगला निर्णय आहे. त्यानंतर एक पालक माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, फीचं मिटलं. आता पोरीला ठेवू कुठं ते सांगा.” ती मुलगी शेवटी गावाजवळच्या कॉलेजात गेली, तिला नको असलेल्या शाखेला. फी शून्य झाली तरी जागा रिकामी राहिली. माझा मुद्दा यापेक्षा वेगळा काय आहे?

आता मेसचं सांगतो, दोन मिनिटांत. पुण्यात आमच्या वसतिगृहाची मेस एक मावशी चालवायच्या. बाहेर कॉटवर राहणारी पोरंही तिथेच जेवायची. मेसमध्ये खाडा असतो, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. बाकीच्यांनी शेजाऱ्याला विचारावं. (हशा) सकाळी दहाच्या आत सांगायचं, सलग तीन दिवस जेवायचं नाही, तर तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते. मावशींची लांबट वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरीने खिळ्याला टांगलेली. पेन्सिलही दोरीनेच बांधलेली, कारण पोरं पेन्सिली नेतात. महिनाअखेर हिशेबाला मी ती वही चाळायचो. माण तालुक्यातल्या एका पोराच्या नावापुढे फुल्याच फुल्या. मला वाटलं, पोरगं भटकतंय. बोलावून घेतलं. म्हणाला, “सर, मेसचं तेल सोसत नाही.” पोटाची तक्रार म्हणून मी डॉक्टरकडे पाठवायला निघालो, तेव्हा मावशींनी मला बाजूला घेतलं. दर आठवड्याला दहिवडीच्या एसटीने त्याचा डबा यायचा. ज्वारीच्या भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. स्वारगेटला जाऊन कंडक्टरकडून तो घ्यायचा आणि भाकरी मोडेनाशी होईपर्यंत पुरवायचा. तेवढे दिवस खाडा. खाड्याचे पैसे साठवून तो परीक्षेचा फॉर्म भरायचा. मावशी खाडा लावायच्या आणि वर आमटी पाठवायच्या, उरली म्हणून. ती रोज त्याच्यापुरतीच कशी उरते, हे आम्ही कुणी विचारलं नाही. तो पदवीधर झाला. पण पहिल्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले. गुणपत्रिकेत त्या दोन विषयांपुढे ‘अनुत्तीर्ण’ एवढंच लिहिलं होतं. कारण बघायचं तर खाड्याची वही काढायला हवी. तेव्हापासून पदवीच्या खर्चाची चर्चा फीच्या पावतीवरून सुरू झाली, की माझं डोकं…

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे.’ मला वाटलं होतं वीस उरलीत. दोन मिनिटांची गोष्ट लांबली, दोष मावशींचा. (हशा)

तर भराभर सांगतो. एक : नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्सची पदवी चार वर्षांची झाली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, खरं आहे. पण चौथं वर्ष कोण करणार? ज्याला आणखी 85,000 परवडतात तो. म्हणजे गुणवत्तेआधी कॉट चाळणी लावणार.

दोन : शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसाठी वर्षाला 60,000. त्यात भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. योजनेची दिशा अगदी बरोबर आहे, कारण तिने फीपलीकडे पाहिलं. पण 20,000 म्हणजे दहा महिन्यांना महिना दोन हजार. तेवढ्यात पुण्यात अर्धी कॉट मिळते. आणि पैसे मागाहून येतात, मेसवाला आधी मागतो. जीएसटी परिषदेनेही जून 2024 मध्ये कॉलेजबाहेरच्या वसतिगृहांना, महिना 20,000च्या आतलं भाडं आणि सलग 90 दिवसांचा मुक्काम असेल तर, करातून सूट द्यायचं ठरवलं. म्हणजे दिल्लीलाही कॉट दिसायला लागलीय. आपल्या देणगीदारांना कधी दिसणार? सभागृहाला आईवडिलांचं नाव द्यायला रांग लागते. स्वयंपाकघराला नाव द्यायला कुणी येत नाही. संस्थाचालकांनो, आता तुमची पाळी. (हशा, टाळ्या) नवा अभ्यासक्रम सुरू करण्याआधी त्या पोरांच्या खाटा मोजा. विद्यापीठाने मान्यता देताना जशी ग्रंथालयातली पुस्तकं मोजली जातात, तशा खाटाही मोजाव्यात, एवढी माझी मागणी आहे.

(घंटा)

शेवटचं, उभ्याउभ्याच. या सभागृहात पुण्यात फ्लॅट असलेली, तो कॉट बेसिसवर देणारी मंडळी आहेत. मी हात वर करायला सांगत नाही. (हशा) स्वाधारच्या अर्जाला भाडेकरार लागतो. आणि तुम्ही पैसे रोख घेता, कागद देत नाही. भाडं कमी करा असं मी म्हणत नाही. तुम्ही करणारही नाही. पण पोराला करारावर सही द्या. तुमच्या एका सहीअभावी त्याचे साठ हजार अडतात.