गळ टाकून बसायचे दोन तास

या वेळेला तुमच्यापैकी कुणी भाकरी टाकत असेल, कुणी लसूण सोलत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही मासे धरण्याबद्दल बोलणार आहोत. जाळ्यानं नाही, गळानं. आणि विकायसाठी नाही, विरंगुळा म्हणून.

काही जणी हसल्या असतील. विरंगुळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पारावरची मंडळी येतात, चहाची टपरी येते, पत्त्यांचा डाव येतो. पाण्याकाठी गळ धरून बसलेला माणूस आठवला, तर तोही बाप्याच असतो. २०१९ साली सरकारनं देशभर एक पाहणी केली होती, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायका त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. म्हणजे आपले पाच तास आणि त्यांचा दीड तास. कापूस वेचणं, निंदणी, मजुरी हे त्याच्या वरचं.

आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या आणि १९५१ साली गेल्या. शाळेत न गेलेल्या या माउलीनं गाणी रचली ती शेतात राबताना, जात्यावर दळताना. आपल्या आज्या-पणज्यांचा सगळा विरंगुळा असाच कामाच्या पोटात लपलेला होता. ओवी होती, पण हातात खुंटा होता. नुसतं बसायला मिळणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. म्हणून आमच्या गटानं ठरवलं, की पंधरा दिवसांतून एका रविवारी सकाळचे दोन तास आपले. गावाजवळच्या पाझर तलावावर जायचं, गळ टाकायचा आणि बसायचं.

पहिल्यांदा गावात बोलणं झालंच. "बायांना कामधंदा उरला नाही का?" असं विचारणारे भेटले. आम्ही भांडलो नाही. आमच्यातल्या एकीनं सासूबाईंनाच बरोबर आणलं आणि काठी त्यांच्या हातात दिली. आता त्याच सगळ्यांच्या आधी तयार असतात. बाईला हे जमेल का, असं कुणी म्हटलं, तर एक गोष्ट सांगा. स्कॉटलंड देशात टे नावाची नदी आहे. तिथे १९२२ साली जॉर्जिना बॅलन्टाइन नावाच्या बाईनं वडिलांबरोबर होडीत बसून ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोचा सॅल्मन मासा गळानं धरला. दोन तासांहून जास्त वेळ तो मासा झुंजत होता. ब्रिटनमधला तो विक्रम शंभर वर्षं उलटून गेली तरी कुणी मोडलेला नाही.

आता कामाचं बोलू. गळ टाकण्याआधी पाणी कुणाचं आहे ते विचारा. हतनूर असो, गिरणा असो, वाघूर, अनेर, अक्कलपाडा असो, नाही तर गावचा लहान तलाव असो, बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका दिलेला असतो. मोठ्या पाण्यावर तो मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्या लोकांनी पैसे घालून पाण्यात बोटुकली सोडलेली असते. भोई, कोळी, भिल्ल घरांतल्या कितीतरी बहिणींची चूल त्या मासळीवर पेटते. आपला विरंगुळा त्यांच्या पोटावर पाय देऊन व्हायला नको. विचारलं तर लोक सहसा एका कोपऱ्यात बसू देतात. किती मासे न्यायचे, तेही तेव्हाच ठरवून घ्यावं.

सामान थोडंच लागतं. दहा-बारा फुटांची बारीक, लवचीक बांबूची काठी. तिच्या शेंड्याला काठीएवढाच लांब तंगूस. तंगुसाच्या टोकाला गळ आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर शिशाचा लहान तुकडा. आणखी वर ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा किंवा थर्मोकोलचा तुकडा बांधायचा. तो पाण्यावर तरंगतो आणि खाली मासा तोंड लावतो आहे का, हे आपल्याला सांगतो. गळ लहानच घ्या. मोठ्या गळानं मोठा मासा मिळतो असं वाटतं, पण बारक्या तोंडाचा मासा मोठ्या गळाला शिवतसुद्धा नाही.

कोणता मासा कुठे चरतो, हे कळलं की निम्मं काम झालं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाशी. म्हणून तरंगता तुकडा वरखाली सरकवून गळाची खोली बदलायची. या तिघांसाठी गव्हाची कणिक, शेंगदाण्याची पेंड आणि चवीला गूळ घालून पीठ घट्ट मळा. सैल मळलं तर पाण्यात विरघळून जातं. चिलापी काठाजवळच असते आणि गांडुळाला लगेच येते. शिकायला तीच बरी. शिंगटी लागली तर जपा. तिच्या कल्ल्यांजवळचा आणि पाठीवरचा काटा टोचला की हात ठणकतो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ कमी होते.

तुकडा नुसता हलला म्हणून काठी ओढू नका. मासा आधी चाचपतो. तुकडा एका बाजूला सरकत चालला किंवा बुडाला, की मनगटानं हलका झटका द्यायचा. ओढाताण करायची नाही. मासा पळत असेल तर काठी उभी धरून तिला वाकू द्यायचं, तो थकला की काठाला आणायचा. आपल्या उन्हाळ्यात दिवस उजाडताना नाही तर दिवस कलल्यावर बसावं. हिवाळ्यात उलट. पाणी गार असतं तेव्हा मासा सुस्त असतो, ऊन वर आल्यावर खायला लागतो.

आता मरळ. गळ टाकणाऱ्याचा खरा जीव या माशात अडकतो. मरळ शेवाळात, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते आणि वरून काही पोहत गेलं की झडप घालते. अमेरिकेत लोकांना बास नावाच्या माशाचं असंच वेड आहे. तो मासा वेगळ्या कुळातला, पण दबा धरण्याची रीत तीच, म्हणून त्याला धरायची युक्तीही इथे चालते. तिला लागतो रबरी बेडूक. त्याच्या पोटाशी लपवलेल्या गळाची टोकं वर वळलेली असतात, त्यामुळे तो शेवाळात अडकत नाही. यासाठी रीळ असलेली काठी घ्यावी लागते, ती गटात मिळून एक घेतली तरी पुरते. बेडूक शेवाळाच्या पलीकडे टाकायचा आणि थांबत थांबत ओढत आणायचा. दोन वीत ओढला, थांबला. पुन्हा ओढला, थांबला. मरळ बहुधा थांबल्या क्षणी उडी घेते. तेव्हा आपलं काळीज लक्कन हलतं आणि हात आपोआप ओढतो. तिथेच मासा सुटतो. एक, दोन मोजायचं आणि मग ओढायचं. जिवंत बेडूक टोचायची रीत जुनी आहे, पण आम्ही ती ठेवली नाही. बेडूक शेतातले किडे खातो, त्याला शेतातच राहू द्यावं.

मरळीची आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. पावसाळ्यात मरळ उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालते. पिल्लं निघाली की त्यांचा तांबूस-केशरी थवा पाण्यावर सळसळताना दिसतो. आईबाप त्या थव्याखालीच असतात आणि काही आठवडे पिल्लांची राखण करतात. थव्याजवळ काही आलं की ते चवताळून अंगावर जातात. हे ओळखून काही जण मुद्दाम थव्यावरच गळ टाकतात. मरळ भुकेनं तोंड लावत नाही, पिल्लांसाठी लावते. ती उचलली की राखणदार गेला आणि सगळा थवा बाकीच्या माशांच्या पोटात गेला. एका कालवणापायी शेकडो मरळी जातात. बास माशाचा नरसुद्धा असाच घरट्याची राखण करतो. अमेरिकेतल्या बास धरण्याच्या मोठ्या स्पर्धांत १९७२ सालापासून मासा जिवंत ठेवून, वजन करून परत पाण्यात सोडायची पद्धत सुरू झाली. मासे संपले तर छंदही संपेल, हे त्या छंदवाल्या लोकांनाच कळलं होतं.

म्हणून आमच्या गटाचा नियम साधा आहे. आषाढ-श्रावणात गळ आढ्याला. त्या दिवसांत रोहू, कटला, मृगळही अंड्यावर असतात आणि नव्या पाण्याबरोबर वर चढतात. श्रावणात मासळी वर्ज्य असलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे नियम पाळणं जडही जात नाही. लाल थवा दिसला की पावसाळा असो-नसो, तिथून उठायचं. वीतभराहून लहान मासा परत सोडायचा. सोडताना हात आधी ओले करायचे, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला रोग लागतो. गळाचं उलटं टोक पकडीनं दाबून ठेवलं, तर गळ लगेच निघतो. आमच्यातल्या तिघी माळकरी आहेत. त्या सगळेच मासे सोडतात आणि त्यांना कमी मजा येते असं काही नाही.

आता जिवाचं. बैतूल, अमरावती, अकोल्याकडे पाऊस झाला की पूर्णा आणि तापी फुगते, हतनूरचे दरवाजे उघडतात आणि आपल्या डोक्यावर ऊन असताना खाली पाणी चढतं. इशारा असेल त्या दिवशी नदीकाठी जायचंच नाही. गिरणेच्या पात्रात वाळू उपशाचे खोल खड्डे असतात, वरून पाणी गुडघाभर दिसतं. पोहता येणारीनंही मासा सुटला म्हणून पाण्यात उतरू नये. विजेच्या तारांखाली काठी उभी करू नये. एकटीनं जाऊ नये. लांब दोर आणि हवा भरून बूच लावलेला रिकामा कॅन जवळ असावा, कुणी पाण्यात पडलं तर तो फेकता येतो. गळ बोटात रुतला तर ओढू नका, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

शेवटी गटांना दोन कामं सुचवतो. पहिलं, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की वेळेचाही हिशेब मांडा. पंधरा दिवसांत दोन तास प्रत्येकीला मिळाले का, आणि नसतील तर कुणाच्या घरी काय अडलं, हे विचारा. ज्या घरी अडलं असेल तिथे पाळीपाळीनं लेकरं सांभाळा. दुसरं काम ग्रामसभेतलं. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारणं हा १८९७ सालच्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी कुठे कुठे ते चालतं. कुणी विजेची तार सोडून मासे मारतं, त्यात माणसंही दगावतात. गावच्या तलावात हे चालणार नाही आणि पावसाळ्यात पिल्लांवरची मरळ कुणी उचलणार नाही, असा ठराव मांडा. मांडणाऱ्या बाया त्याच पाण्याकाठी रविवारी बसत असतील, तर त्यांच्या बोलण्याला वजन येतं. पाण्यावर रोजची नजर असलेलं माणूस गावाला लागतंच.

मासा मिळेलच असं नाही. आम्हीही पुष्कळदा रिकाम्या पिशवीनं परत येतो. घरी कुणी विचारलं, की काय आणलं, तर आम्ही म्हणतो, दोन तास बसून आलो. राम राम.