पडद्यावरची माणसे आणि पडद्याआडची

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त देशपांडे नगर, हुबळी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून सिनेमावर बोलावे, हे काही वडीलधाऱ्या मंडळींस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. ज्या देशपांडे नगरात गंगूबाई हनगल राहिल्या, जेथे सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह उभे आहे, तेथे व्याख्यान व्हायचे तर ते गाण्यावर व्हावे, असे कोणीही म्हणेल. तथापि आजचा विषय गाण्याला अगदीच सोडून नाही, हे पुढे दिसेलच. आंधळा, बहिरा, पांगळा, वेडसर असे म्हणून आपण ज्यांस बाजूस बसवीत आलो, ती माणसे चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर कशी आली, कोणी आणली, आणि आपल्यासारख्या लहानशा समाजाने त्यातून काय घ्यावे, एवढेच आम्हांस बोलावयाचे आहे.

शब्दांविषयी आरंभीच एक खुलासा. पूर्वी ‘पांगळा’ म्हणत, मग ‘अपंग’ आले, आणि 2015 पासून ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारदरबारी रूढ झाला. शब्द बदलले याचा आम्हांस आनंद आहे. पण कार्यालयाच्या पायऱ्या त्या शब्दाबरोबर बदलल्या नाहीत, हेही दिसते. आम्ही आज जुने-नवे दोन्ही शब्द वापरू. त्यात अनादर नाही, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

आपल्या देशात चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके या वेडापायी काही काळ डोळ्यांनीच अधू झाले होते. रात्रंदिवस चित्रे पाहणे, त्यांचा अभ्यास करणे, झोप नाही, याचा तो परिणाम. औषधोपचाराने दृष्टी परत आली आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. बोलपट आल्यावर तर एक खरोखरीचा अंध नट पडद्यावर अवतरला. बंगालचे कृष्णचंद्र डे, म्हणजे के. सी. डे, यांची दृष्टी बालवयातच गेली होती. न्यू थिएटर्सच्या ‘पूरन भगत’ (1933) आणि ‘देवदास’ (1935) या चित्रपटांत ते दिसले, गायले. मन्ना डे यांचे हे चुलते. त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करताना त्या कंपनीने कोणते मोठे समाजकार्य केल्याचा आव आणला नाही. गळा चांगला होता, माणूस चांगला होता, भूमिका दिली!

त्याच सुमारास, आपल्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर, गदगचे पंचाक्षरी गवई आपले काम करीत होते. जन्म 1892, जन्मतःच अंध. हानगलच्या कुमारस्वामींनी या मुलाला आश्रय दिला, आणि मिरजेच्या नीळकंठबुवांनी त्याला हिंदुस्थानी गाणे दिले. म्हणजे मराठी मुलखातले गाणे आणि कानडी मुलखातला शिष्य असा तो संगम. पंचाक्षरींनी पुढे अंध आणि अनाथ मुलांस जवळ केले. धारवाडचे बसवराज राजगुरू त्यांचे शिष्य. म्हणजे डोळस आणि अंध मुले एकाच गुरूपुढे बसत. 1944 साली ते गेल्यावर वीरेश्वर पुण्याश्रमाची धुरा पुट्टराज गवयांनी वाहिली. त्यांचीही दृष्टी तान्हेपणीच गेलेली. हार्मोनियम, सारंगी, तबला, व्हायोलिन या वाद्यांवर त्यांचा हात होता, ग्रंथलेखन होते, आणि आश्रमाचा खर्च भागावा म्हणून नाटक मंडळीही होती. 2010 साली त्यांना पद्मभूषण मिळाले व त्याच वर्षी त्यांचे देहावसान झाले. पंचाक्षरींवर 1995 साली कानडी चित्रपट निघाला. त्यासाठी संगीतकार हंसलेखा आणि गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम् यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे? घरात मराठी आणि दारात कानडी बोलणाऱ्या आपण लोकांनी पुण्या-मुंबईच्या चित्रपटांची वाट पाहावी आणि शेजारच्या गावच्या चित्रपटाकडे पाठ करावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

के. सी. डे यांच्यानंतर मात्र वारे फिरले. पडद्यावर अंध, लंगडे, मुके पुष्कळ आले. ते सारे उत्तम डोळस, धडधाकट नटांनी रंगवलेले. अंध म्हणजे देवळाच्या पायरीवर भजन म्हणणारा, मुकी म्हणजे कोणीतरी उद्धार करावा अशी, आणि शेवटी शस्त्रक्रिया होऊन दृष्टी परत. नाहीतर तोतरा आणि बहिरा हे हशा पिकवण्यास हुकमी! 1964 च्या ‘दोस्ती’ने एवढे केले की, एक लंगडा आणि एक अंध असे दोन मुलगे कथेच्या मध्यभागी आणले. त्यातला अंध मित्र झालेला सुधीरकुमार हा मराठी नट. सारा देश रडला. रडण्यात वाईट काही नाही. परंतु रडून घरी गेलेल्या प्रेक्षकाने दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंध मुलाला शाळेत पोहोचवले असेल की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत.

1972 साली गुलजारांचा ‘कोशिश’ आला. मूकबधिर नवरा-बायकोचा संसार. संजीवकुमार आणि जया भादुरी. त्यातला एक प्रसंग आम्ही विसरलो नाही. तान्ह्या बाळाजवळ आईबाप खुळखुळा वाजवतात, बाळ वळून पाहत नाही. दोघांचा जीव उडून जातो. हेही आपल्यासारखेच की काय? धावत डॉक्टरकडे जातात, तो कळते की बाळाचे कान ठीक आहेत, खुळखुळ्यातूनच आवाज येत नव्हता. ऐकू येणारे कोणीच घरात नाही, तेव्हा हे कळणार कोणाला? हा प्रसंग लिहिणाऱ्याने त्या घरात डोकावून पाहिले आहे, हे लक्षात येते. दयेने नुसते पाझरणाऱ्या शंभर प्रसंगांपेक्षा असे एक डोकावून पाहणे आम्हांस मोलाचे वाटते.

आणि मग सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (1980). भाषा हिंदी, पण दिग्दर्शिका आपली मराठी. दूरदर्शनवर काम करून आलेल्या. दिल्लीच्या अंधशाळेत चित्रण झाले आणि त्या शाळेतली मुले खरोखरीच त्यात वावरली. मुख्याध्यापक अनिरुद्धची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली, ती त्याच शाळेच्या दृष्टिहीन मुख्याध्यापकांवरून बेतलेली होती. हा अनिरुद्ध कोणाची कीव सहन करीत नाही. मदत घेईन, पण देणाऱ्यालाही माझ्याकडून काही घ्यावे लागेल, असा त्याचा ताठा. या ताठ्यापायी तो जुळलेले लग्नही मोडू पाहतो, आणि तेथे प्रेक्षकाला त्याचा रागच येतो. आम्ही म्हणतो, हीच त्या चित्रपटाची थोरवी! अंध माणसाचा राग यावा, त्याच्याशी भांडावेसे वाटावे, एवढा तो आपल्यासारखा झाला. धर्मादाय कामे करणाऱ्या मंडळींनी, अर्थात आपण साऱ्यांनी, हा चित्रपट दर काही वर्षांनी पुन्हा पाहावा.

मराठीत 1991 साली संजय सुरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ आला. ज्या दिलीप प्रभावळकरांना चिमणराव म्हणून घरोघर हसून घेतले होते, त्यांनीच बालबुद्धीचा नंदू असा उभा केला की हसणाऱ्यांच्या घशात आवंढा आला. सुलभा देशपांडे त्याची आई. मुलगा वयाने वाढला, आणि आई थकत चालली. आपल्यामागे याचे कोण, हा प्रश्न मनात घेऊन किती आयाबापे त्या खेळाला बसले असतील! आमच्या माहितीत अशी घरे आहेत की, तेथे हा चित्रपट दूरचित्रवाणीवर लागला की कोणी काही न बोलता उठून स्वयंपाकघरात जाते. प्रभावळकरांचा अभिनय थोर, यात शंका नाही. तरी नंदूचे काम नंदूसारखाच कोणी करील, ही कल्पना त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

ती खरी झाली 2014 साली, आणि तीही मराठीत. महेश लिमये यांच्या ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःची कथा स्वतः साकारली. मृणाल कुलकर्णी आईच्या भूमिकेत, उपेंद्र लिमये प्रशिक्षक. राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. गौरीचा आणि बालपणीची गौरी झालेल्या संजना राय हिचा विशेष उल्लेख झाला. पूर्वी सुधा चंद्रन यांनी अपघातात पाय गमावल्यावर जयपूर पायावर उभे राहून तेलुगू ‘मयूरी’ (1985) व हिंदी ‘नाचे मयूरी’ (1986) यांत आपलीच गोष्ट नाचून दाखवली होती, ते उदाहरण मोठेच. पण बुद्धीने मागे म्हणून जिला शाळा सहजी दार उघडत नाही, अशी मुलगी चित्रपटभर आपल्या खांद्यावर कथा वाहते, हे पाऊल त्याहून पुढचे. 2025 साली ‘सितारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटात अशीच दहा मुलेमाणसे एकत्र आली. त्याची चर्चा देशभर झाली. मराठीने हे अकरा वर्षे आधी केले, हे मात्र मराठी माणसाने सांगावे लागते.

सर्वच हिशेब असे सुखाचे नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी भारताला मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 साली. ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला 2024 साली. मध्ये बावन्न वर्षे! पाठ्यपुस्तकाने जे केले नाही ते अखेर सिनेमाने केले, म्हणून आम्ही सिनेमाचे आभार मानतो. उशिराबद्दल कोणाला विचारावे, ते आम्हांस कळत नाही.

दूरचित्रवाणीविषयी थोडेच सांगतो. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या मालिकेचे संगीतकार रवींद्र जैन जन्मांध होते. पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांना रामकथा ऐकवणारा स्वतः पाहू शकत नव्हता. त्याच वर्षी दूरदर्शनने बधिरांसाठी हातवाऱ्यांच्या भाषेतले साप्ताहिक बातमीपत्र सुरू केले. पुष्कळ घरांत तेवढ्यापुरता संच बंद होई, कारण ‘आपल्यासाठी ते नाही’. ज्यांच्यासाठी होते, त्यांना मात्र आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांच्या भाषेत बोलत असे.

हशाचा मुद्दा राहिला. ‘आँख मिचोली’ या चित्रपटावरून झालेल्या खटल्यात 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. खंडपीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. न्यायालयाने चित्रपटास कात्री लावली नाही. पण अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि अपंगाला हिणवणारा विनोद वेगळा, हा भेद स्पष्ट केला, आणि ज्यांच्याविषयी चित्रपट काढता त्यांना आधी विचारा, असे बजावले. आपल्या गणेशोत्सवातल्या हौशी नाटकांत तोतऱ्याचे एक पात्र हमखास असते. पुढच्या खेपेस ते लिहिणाऱ्याने हा निकाल ध्यानात ठेवावा. समोरच्या रांगेत कोणी खरोखरीचा तोतरा बसलेला असतो, आणि तोही इतरांबरोबर हसतो, कारण न हसून जाईल कोठे?

आता घरचे बोलू. या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही न्यासाच्या जुन्या समूहचित्रांचा गठ्ठा चाळला. स्नेहसंमेलने, हळदीकुंकू, सामुदायिक मुंजी, विद्यार्थ्यांचे सत्कार. शेकडो चेहरे. कुबडी घेतलेला एक नाही, काळा चष्मा लावलेला एक नाही, चाकांच्या खुर्चीतला एक नाही. आपल्या कुटुंबांत अशी माणसे नाहीत काय? आहेत, हे या सभागृहातल्या प्रत्येकास ठाऊक आहे. मोठीचे लग्न जमायचे आहे, पाहुणे येणार आहेत, तेवढा वेळ धाकट्याला आतल्या खोलीत बसवा, असे सांगणारे लोक दुष्ट नव्हते. स्थळ मोडेल ही भीती खरी होती. काही घरांत स्थळे मोडलीही. गौरी गाडगीळ पडद्यावर येते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, आणि आपल्या अल्बमात मात्र तिच्यासारख्याला जागा नसते. हे सांगताना आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाही. त्या समूहचित्रांत आम्हीही उभे आहोत, आणि छायाचित्रकाराने ‘सगळे आले का?’ असे विचारल्यावर ‘आले’ म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो.

म्हणून विश्वस्तांपुढे आम्ही एक मागणी ठेवली व ती त्यांनी मान्य केली. महोत्सवी वर्षात ‘स्पर्श’ आणि ‘यलो’ यांचे दोन खेळ होतील. पडद्यावर अक्षरे उमटतील, म्हणजे बहिऱ्यांस संवाद वाचता येतील. अंधांसाठी, पात्रे गप्प असतात त्या वेळी पडद्यावर काय घडते आहे ते थोडक्यात सांगणारा आवाज हवा. चित्रपटगृहांनी अशा सोयी कराव्यात म्हणून केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये मार्गदर्शक नियम काढले आहेत. ही कल्पनाही अगदी नवीन नव्हे. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस आपल्या आजोबांनी पाहिला होता. ज्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि ज्यांना मोजके बोलता येते, अशा दोघांची आम्हांस गरज आहे. मोजके, हे पुन्हा सांगतो.

सभागृहाच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत. त्यांवर लाकडी उतरंड करण्याचे काम सुताराकडे दिले आहे. खेळाच्या दिवशी आणण्या-नेण्यासाठी तीन रिक्षा ठरवल्या आहेत. कमी पडल्यास आणखी ठरवू. ज्यांच्या घरी येऊ इच्छिणारे कोणी आहे, त्यांनी नाव व पत्ता कार्यालयात द्यावा. नाव घरच्या माणसाने दिले तरी चालेल, पण त्या व्यक्तीने स्वतः द्यावे, हे अधिक बरे. खेळानंतर चहा आहे, आणि समूहचित्रही आहे.