नाळ कापण्यापूर्वीचा अवधी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रसूती व नवजात शिशु विभागातर्फे केलेले भाषण)



मूल जन्मले की नाळ कापावयाची, हा घरोघरी ठाऊक असलेला क्रम. तो थोपवून धरावा लागतो अशा एका प्रसंगाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

काही गर्भांच्या मानेवर वा घशात मोठी गाठ वाढते. क्वचित श्वासमार्गच जन्मतः बंद असतो. गर्भाशयात प्राणवायू वारेतून मिळत असल्याने बाळाचा जीव गुदमरत नाही. संकट उभे राहते ते नाळ कापल्यावर. मग काही मिनिटांचा विलंबही मेंदूस कायमची इजा करू शकतो.

यावरील शस्त्रक्रियेस 'एक्झिट' म्हणतात. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यचिकित्सक, फुप्फुसे वाढावीत म्हणून काही गर्भांच्या श्वासनलिकेस चिमटा लावीत. जन्मवेळी तो काढण्यास अवधी हवा, या गरजेतून ही पद्धत सिद्ध झाली. मातेस खोल भूल देऊन गर्भाशय शिथिल ठेवतात. बाळाचे डोके व खांदे तेवढे बाहेर घेतात. आत कोमट सलाइन सोडतात, म्हणजे गर्भाशय आकसत नाही आणि वार सुटत नाही. तेवढ्यात तज्ज्ञ दुर्बिणीतून मार्ग शोधून नळी बसवितात. न जमल्यास गळ्याशी छेद घेतात. तासाभराचा अवधीही मिळू शकतो. नळी बसल्याची खात्री झाल्यावरच नाळ कापली जाते.

"बाईच्या जिवाला धोका नाही ना, डॉक्टर?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. धोका नेहमीच्या सिझेरियनहून अधिक असतो, हे आम्ही लपवीत नाही. जे शैथिल्य बाळास तारते, तेच मातेच्या रक्तस्रावाचे कारण ठरू शकते. म्हणून रक्त आधीच जुळवून ठेवावे लागते आणि नाळ कापताच गर्भाशय आकसण्याचे औषध द्यावे लागते. त्या मातेचा होकार मात्र आम्ही तिला एकटीला विचारतो. सासर-माहेरच्या मंडळींसमोर ती 'नाही' म्हणू शकेलच असे नाही.

हे सारे आधी कळले तरच शक्य. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी त्यासाठी टाळू नये. बाळास गर्भजल गिळता येत नसेल तर पोट अवाजवी वाढते. 'जुळी असतील' म्हणून ते सोडून देऊ नये. ऐन कळांत गाठ लक्षात आली तर ही जुळवाजुळव होत नाही.

आमच्याकडील दुर्बीण मोठ्या मुलांसाठीची आहे. नवजाताच्या श्वासनलिकेत जाईल अशी बारीक दुर्बीण यंदाच्या मागणीपत्रकात आम्ही प्रथम क्रमांकावर ठेवली आहे.