जैवतंत्रज्ञान कंपनीचा नफा कसा वाचावा?



आजचा विषय रुक्ष वाटेल. पण ज्यांनी आपल्या बचतीतून शेअर घेतले आहेत त्यांना तो परका नाही. सजीवांच्या पेशींचे व्यवहार जाणून औषधे घडविणारी एखादी कंपनी आपल्या जोडीच्या कंपन्यांच्या मानाने किती फायद्यात आहे, हे सामान्य माणसाने कसे ठरवावे?

कापडगिरणीचा हिशेब सरळ असतो. कापूस आला, कापड विकले, खर्च वजा जाता उरला तो नफा. औषधसंशोधनात खर्च आज होतो आणि मिळकत, झालीच तर, दहाबारा वर्षांनी. बहुतेक औषधे तर माणसांवरील चाचण्यांतच गळतात. म्हणून येथे एका वर्षाचा आकडा फसवा ठरतो, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरण घेऊ. अमेरिकेत चार्ल्स नदीच्या एका तीरावर बोस्टन व दुसऱ्या तीरावर केंब्रिज आहे. केंब्रिजची मॉडर्ना २०१० साली स्थापन झाली. आज बोस्टनमध्ये असलेली व्हर्टेक्स १९८९ सालची. पहिली कोरोनाच्या लशीमुळे घरोघर ठाऊक झाली. दुसरीची मिळकत मुख्यत्वे सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे निकामी करणाऱ्या आनुवंशिक रोगावरील औषधांची.

२०२१ साली मॉडर्नाला १८.५ अब्ज डॉलर उत्पन्नावर १२.२ अब्ज नफा झाला. म्हणजे शंभरामागे ६६. व्हर्टेक्सचे प्रमाण शंभरामागे ३१. त्या वर्षीचा आकडा पाहणारा मॉडर्नाकडेच धावला असता. परंतु साथ ओसरली. २०२४ साली मॉडर्नाचे उत्पन्न ३.२ अब्जांवर आले आणि तोटा ३.६ अब्ज झाला.

आता गंमत पाहा. त्याच २०२४ साली व्हर्टेक्सनेही सुमारे अर्धा अब्ज डॉलर तोटा दाखविला! मग दोघी सारख्याच काय? मुळीच नाही. व्हर्टेक्सचे उत्पन्न ११ अब्जांपर्यंत वाढले होते. तिने मूत्रपिंडाच्या विकारावरील औषधासाठी अल्पाइन नावाची कंपनी विकत घेतली, आणि त्यापोटीचे सुमारे ४.४ अब्ज डॉलर अमेरिकन हिशेबनियमांनुसार त्याच वर्षी खर्ची टाकावे लागले. ती रक्कम बाजूला काढली की तोट्याच्या जागी भरघोस नफा दिसतो. एकीचा तोटा विक्री आटल्याचा, दुसरीचा पेरणीचा.

यावरून आम्ही चार प्रश्न सुचवितो. तुलना समान वयाच्या व समान अवस्थेच्या कंपन्यांत आहे काय? विक्री एकाच औषधावर टेकली आहे काय? नफ्यातून वा तोट्यातून एकदाच घडणाऱ्या गोष्टी वजा केल्या काय? आणि गाठीची पुंजी किती वर्षे पुरेल? मॉडर्नाजवळ २०२३ अखेर १३.३ अब्ज डॉलर होते, २०२४ अखेर ९.५ अब्ज. ज्या कंपनीचे एकही औषध अद्याप बाजारात नाही, तिला तर नफा विचारणेच व्यर्थ. तिला हा शेवटचा प्रश्नच विचारावा.

एक इशारा मात्र देणे आवश्यक आहे. संशोधन थांबविले की नफा लगेच फुगतो. मॉडर्नाने २०२४ च्या सप्टेंबरात वार्षिक संशोधनखर्च २०२७ पर्यंत सुमारे १.१ अब्ज डॉलरने कमी करण्याचे जाहीर केले. पुंजी आटत असता ते शहाणपणाचे असेल. पण त्या काटछाटीत उद्याचे एखादे औषधही जाऊ शकते, आणि त्याची वाट पाहणारा रोगी भागधारकांच्या सभेला नसतो. भागधारकाने दरसाल नफ्याचाच हट्ट धरला, तर बियाणे दळून खाल्ल्यासारखे होईल. तेव्हा, श्रोतेहो, नफ्याचा आकडा जरूर पाहावा. परंतु तो कापणीचा आहे की बियाणे विकून आलेला, हे विचारल्यावाचून आपली पुंजी कोणाच्या हाती देऊ नये.